परदेशात स्वतःचं घर घेतलंत? अनुभव लिहा (नसेल घेतलं तर का नाही तेही)

मंडळी, आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. भाडं दर जुलैत वाढतंच आणि कुणाकडे जेवायला गेलं की "अजून भाड्यानेच का?" हा प्रश्न ताटात वाढलेला असतोच. इथे बँक घराच्या किमतीएवढं अख्खं कर्ज देते त्यामुळे नवरा एका पायावर तयार आहे, मला मात्र आईबाबा नाशिकला एकटे आणि आपण परत जाणार की नाही याचं उत्तर आधी पाहिजे. शिवाय अख्खं कर्ज म्हणजे फुकट नाहीच, २ टक्के कर, नोटरी, व्हॅल्युएशन हे सगळं खिशातून. पस्तिशीच्या आत असाल तर तो कर एकदा माफ होतो, घर ५,२५,००० युरोच्या आतलं असेल तर (हा आकडा २०२५ चा). मी ३४ ची, नवरा ३७ चा, म्हणजे माझ्या अर्ध्या हिश्शापुरतीच माफी!

घर केवढ्याला पडलं ते नाही सांगितलंत तरी चालेल. कागदपत्रं, बँक, कर, व्हिसा, भारतातले पैसे कसे आणलेत, ते लिहा. देश कुठलाही चालेल.



ताई, तुमच्याच देशातला, रॉटरडॅमजवळ. इथे बोली बंद पाकिटातली, समोरच्याने किती लावलेत ते कळत नाही आणि फुंडावर (इथली घरविक्रीची वेबसाइट) दिसते ती किंमत नुसती गिऱ्हाईक बोलवायला असते. स्वतःचा एजंट घ्याच. सगळे सांगतील की लोनची अट काढून टाका म्हणजे घर मिळेल. आम्ही नाही काढली, कारण सही झाल्यावर ३ दिवसांत विचार बदलला तर ठीक, त्यानंतर लोन झालं नाही आणि अट पण नसेल तर १० टक्के दंड बसतो. त्यापायी हातची घरं गेली, जाऊ देत.

दुसरं म्हणजे पाया. १९७० च्या आधीची बरीच घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, जमिनीतलं पाणी खाली गेलं की खांबांच्या डोक्यांना हवा लागते आणि ती कुजायला लागतात. दुरुस्ती एकट्या घराची होत नाही, भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यालाही धरावं लागतं. एक घर बघायला गेलो होतो, फार सुंदर, रंगीत काचा वगैरे, बायकोने पर्समधून पोराची गोटी काढून हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी निघाली ती सरळ खिडकीखालच्या हीटरपाशी जाऊन थांबली. त्यांचा एजंट छताकडे बघत होता.



म्युनिकहून. इथे घराची किंमत ही सुरुवात. बव्हेरियात ३.५ टक्के मुद्रांक कर (आमच्यात सगळ्यात कमी, बर्लिनवाले ६ भरतात आणि ड्युसेलडॉर्फ-कोलोनकडे ६.५), नोटरी आणि जमीन नोंदणीचे मिळून दीड-दोन टक्के, एजंट असेल तर अजून साडेतीनच्या आसपास, तेही २०२० च्या शेवटी कायदा बदलून विकणाऱ्यालाही निम्मं द्यायला लावलं म्हणून. आणि हा वरखर्च बँक सहसा देत नाही, स्वतःचा लागतो. आम्ही इतकी वर्षं साठवलेलं त्यातच गेलं असं म्हटलं तरी चालेल.

नोटरीचा दिवस सांगण्यासारखा आहे. कायद्याने नोटरीला अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, तुम्हाला पाठ असला तरी. आमचे नोटरी काका बसले आणि जे सुटले, आमच्या गावच्या भटजींनी सत्यनारायणाचे पाच अध्याय गाडी पकडायची असल्यासारखे वाचावेत तसे. मध्येच थांबून पेनाने एक आकडा दुरुस्त करायचा, कडेला सही, की परत पुढे. माझं जर्मन ऑफिसपुरतं, नोटरीने पहिल्या भेटीतच ओळखलं आणि सांगितलं की दुभाष्याशिवाय सही घेणार नाही. त्याचे पैसे वेगळे. पण त्या दुभाषी बाईनेच थांबवून थांबवून विचारलं की तळघरातली खोली आणि पार्किंग करारात कुठल्या नंबरने आहे, तर पार्किंगचा नंबर शेजाऱ्याचा निघाला! मसुदा आधी घरी येतो, तो घेऊन एक रविवार बसा.

फ्लॅट असेल तर सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या मीटिंगचे वृत्तांत मागा. छप्पर बदलायचंय, लिफ्ट बदलायचीय, बॉयलर बदलायचाय हे सगळं त्यात असतं, आणि घर तुमच्या नावावर झालं की बिल पण तुमच्या नावावर.

व्याज आम्ही १० वर्षांसाठी बांधलंय. मध्येच घर विकून कर्ज फेडलं तर बँक नुकसानभरपाई मागते. १० वर्षांनंतर सहा महिन्यांची नोटीस देऊन मोकळं होता येतं, मग व्याज २० वर्षांसाठी का बांधलेलं असेना. परत जायचा विचार मनात असेल त्यांनी हा मुद्दा दोनदा वाचा. आणि हो, स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून दोन पाईप आणि एक वायर बाहेर आलेली असते, बाकी ओटा-सिंक-शेगडी तुमचं तुम्ही.



ठाणेकर, मुक्काम रेडिंग, इंग्लंड. माझा मुद्दा एकच पण सगळ्या मराठी लोकांच्या कामाचा आहे. इथे पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे, एप्रिल २०२५ पासून ३ लाख पौंडांपर्यंत शून्य. आम्ही खुशीत. सॉलिसिटरच्या फॉर्मवर प्रश्न होता, जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे किंवा कधी होतं का? जगात. कुठेही. आता बाबांनी ठाण्याचा टू बीएचके घेतला तेव्हा कर्जासाठी माझं नाव लावलेलं, मी तिथे एक दिवस राहिलेलो नाही, पण नाव ते नाव. सवलत गेली. ते एक वेळ ठीक, पण माझ्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंडांच्या वर धरली गेल्यामुळे हे आमचं "दुसरं घर" ठरलं आणि त्यावर ५ टक्के जादा (ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापर्यंत हे ३ टक्के होतं). नवराबायकोचं एकत्रच बघतात, त्यामुळे बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊ वगैरे डोकं चालवू नका. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे तुझ्या भल्यासाठीच लावलं होतं ना नाव." आता काय बोलणार.

म्हणून ऑफर टाकायच्या आधी भारतातल्या प्रॉपर्टीत कुठे कुठे नाव आहे ते काढा, वारसाहक्काने आलेलं गावचं घरसुद्धा. फ्लॅट असेल तर लीज किती वर्षं उरलीय बघा, ८० च्या खाली असेल तर बँका नाक मुरडतात. आणि करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, ऑफर मान्य झाली म्हणून पेढे वाटू नका, जास्त देणारा आला की मालक फिरतो.



वरच्या ठाणेकरांना, बापरे! माझं नाव पुण्यात आणि सासरी चिपळूणला दोन्हीकडे आहे. धन्यवाद, आज रात्री झोप नाही.



सिंगापूर. आम्ही भाड्यानेच आहोत, कारण एका वाक्यात: एप्रिल २०२३ पासून परदेशी माणसाला घराच्या किमतीवर ६० टक्के जादा स्टॅम्प ड्युटी. पीआर (कायम राहण्याचा परवाना) झालात की पहिल्या घराला ५ टक्के. अमेरिकन नागरिकांना करारामुळे सिंगापूरकरांसारखीच वागणूक मिळते, आपल्याला नाही. विषय संपला, पीआरची वाट बघतोय.



डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को. अमेरिकेची एक गोष्ट मला खरंच आवडते, ३० वर्षांचं व्याज एकदा बांधलं की बांधलं, जर्मनीवाल्यांसारखं दहा वर्षांनी परत धाकधूक नाही. पण टेक्ससला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून नाचत येणाऱ्यांनी प्रॉपर्टी टॅक्स बघा, साधारण दोन टक्क्यांच्या घरात दर वर्षी, आणि घराची सरकारी किंमत वाढली की तोही वाढतो. हप्ता फिक्स असूनही बँकेचं पत्र येतं की टॅक्स आणि विमा वाढला, महिन्याचे वाढवा. दर वर्षी सरकारी किमतीविरुद्ध अर्ज करता येतो, आम्ही करतो. राहत्या घराची सूट पण मागावी लागते, आपोआप मिळेलच असं नाही.

एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) घर घ्यावं का, तर नोकरी गेली की ६० दिवस हातात असतात आणि तेवढ्यात घर विकणं अवघड. आम्ही घेतलं, पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून. वास्तूचं म्हणाल तर इकडच्या एजंटबाई स्वतःच फोनवर सांगतात "ईस्ट फेसिंग", आपण विचारायच्या आधी. गृहप्रवेशाला होम करणार असाल तर मात्र स्मोक अलार्मचं आधी बघा, आमच्याकडे पूर्णाहुतीच्या वेळी सगळ्या खोल्यांतले एकदम वाजायला लागले, गुरुजी तसेच मंत्र म्हणत राहिले, भाचा स्टुलावर चढून टॉवेल हलवत होता.



मिसिसागा, कॅनडा. इथे उलटं. कर्ज २५ वर्षांचं पण व्याज सहसा ५ वर्षांसाठीच. आम्ही २०२१ ला बदलत्या दराने घेतलं, तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर ०.२५ होता, जुलै २०२३ मध्ये ५ झाला. आमच्या हप्त्यातून मुद्दल फिटायचंच थांबलं होतं, नुसतं व्याज जात होतं. बायकोने बाहेरचं खाणं बंद केलं, मी वीकेंडला जादा काम धरलं. निभावलं.

नवीन येणाऱ्यांसाठी, परदेशी लोकांना घर घ्यायला १ जानेवारी २०२७ पर्यंत बंदी आहे. वर्क परमिट १८३ दिवस तरी शिल्लक असेल तर सूट मिळते, पण ऑन्टॅरिओत पीआर नसेल तर २५ टक्के वेगळा कर आहेच. पीआर होईपर्यंत थांबा, दोन वर्षं भाड्याने राहिलं म्हणून कुणी मरत नाही.



मेलबर्न. शनिवारी सकाळी घराच्या अंगणात लिलाव, शेजारीपाजारी कॉफी घेऊन नुसते बघायला येतात, लहान पोरं सायकलवर. लिलाव करणारा ओरडतो पण असा की अंगावर काटा येतो. आम्ही आमचा वरचा आकडा आधी कागदावर लिहून नवऱ्याच्या खिशात ठेवला होता, कारण तो बोली लावताना वाहवत जातो हे मला आमच्या कोजागिरीच्या तीन पत्तीपासून माहीत आहे. लिलावात जिंकलात की विचार बदलायची मुदत नाही, लगेच सही आणि सहसा १० टक्के. इन्स्पेक्शन, लोन सगळं आधीच करून जायचं. टेंपररी व्हिसावाल्यांना १ एप्रिल २०२५ पासून जुनं घर घेताच येत नाही, नवीनच.



कुणी भारतातून पैसे आणण्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो, ॲमस्टरडॅम. दोन वाटा. माझ्या एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातल्या पैशांसाठीचं) खात्यातले, म्हणजे पुण्याचा फ्लॅट विकून आलेले, ते आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत आणता येतात, सीएकडून कराचा दाखला आणि मग आयकर खात्याला आपलं घोषणापत्र. फ्लॅट विकताना घेणाऱ्याने एनआरआयच्या दराने टीडीएस कापायचा असतो, तो बराच जास्त असतो, त्यामुळे कमी दराचं सर्टिफिकेट सौदा होण्याआधी काढा. दुसरी वाट बाबांनी बक्षीस देणं. त्यांना वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, ते रिटर्न भरल्यावर वळतं होतं पण तोवर पैसा अडकतो.

इकडच्या बँकेला प्रत्येक रुपयाचा उगम हवा. बाबांच्या मुदत ठेवीच्या पावत्या, त्या ठेवीत पैसे आले त्या ग्रॅच्युइटीचं पत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर कारण पत्र मराठीत, एसटी महामंडळाचं. बाबा निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, आईने गादीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते काढलं. तुमची नोटरीची तारीख ठरण्याआधी निदान तीन महिने हे सुरू करा, आणि तिकडचा सीए व इकडचा ब्रोकर यांना एका ईमेलमध्ये घ्या, नाहीतर दोघं तुमच्यामार्फत भांडत बसतात.