मदत हवी आहे: गोचिडांसाठी गोळी द्यावी का?
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, पाऊस गेला नि ऑक्टोबरचं ऊन तापलं की मोकळ्या प्लॉटच्या गवतात गोचिडांचा नुसता सुळसुळाट, आमच्या लॅब्राडॉरच्या कानात आणि पंजाच्या बोटांमध्ये रोज टम्म फुगलेले करडे गोचीड सापडतायत, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढतो. टिक फीव्हरची, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची, फार धास्ती वाटते हो, रक्त कमी होऊन हिरड्या फिक्या तर नाही ना ते रोज बघतो. घरात मांजर आहे, तिला परमेथ्रिन हे कीटकनाशक विषारी, म्हणजे तसला स्प्रे नकोच. डॉक्टर गोळी सुचवतायत, पण याला लहानपणी फिट आली होती आणि गोचीड मारणाऱ्या आयसॉक्साझोलिन गटाच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये फिटचाच इशारा दिलाय. अशा कुत्र्याला कोणी काय दिलंय? प्लीज लवकर सांगा.