कथा तिसऱ्या पानावर अडते, काय करू?

सूतगुंता:
नमस्कार. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. कथा लिहायची भारी हौस. सुरुवात झोकात होते आणि तिसऱ्या पानावर गाडी अडते. सध्या एका यंत्रमाग कामगारावर लिहितोय. त्याचं घर, मागांचा खडखडाट, उन्हाळा, सगळं लिहून झालं. पुढे काय घडवू ते सुचेना. शिवाय आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. पात्रांनी बोलायचं कशात? मित्र म्हणतो, "काय लिहलालास बे, सोलापुरात काय घडतंय? पुण्यात घडव की." तसं करू का?

कडकभाकरी:
रोज पहाटे उठायचं, हजार शब्द पाडायचे. मूड-बीड काही नसतं. शिस्त लागली की कथा आपोआप सरकते.

विडीवाली अक्का:
कडकभाकरी, पहाटे उठून तो खडखडाटाचं चौथं पान लिहील, दुसरं काय होणार? शब्द आहेत की त्याच्याकडे.

सूतगुंता, तुझ्या कामगाराला आज, या दिवशी, काय हवंय? ते तू लिहिलेलंच दिसत नाही.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. हात आपले आपण चालायचे, डोळे आम्हा पोरांवर. यावर मी पाच पानं लिहीन. वाचून तू म्हणशील, छान. बरं, मग?

आता असं घे. पोरीच्या परीक्षेची फी भरायची उद्या शेवटची तारीख. बाई विड्या घेऊन कारखान्यात गेली, तपासणाऱ्यानं मूठभर छाट, म्हणजे नापास विड्या, काढली. छाटीचे पैसे नाहीत, म्हणजे फीला कमी पडले. रांगेत मागं शेजारीण उभी आहे. तिच्या कमरेला पैसे आहेत, पण गेल्या पाण्याच्या दिवशी नळावर दोघींची जुंपली होती. मागं वळून मागायचे का नाही? आणि ती छाट पोरीनंच, पुस्तकात डोकं घालून, वळलेली निघाली तर? आता तुला थांबवायला कुणी लागेल. सूप, पान, दोरा यातलं या पेचाला लागेल तेवढंच ठेव, बाकीचं उडव. मन मोठं करून उडव, कारण नेमकं तेच तुला आवडलेलं असतं.

भाषेचं सोपं आहे. निवेदन मराठीत. बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं, थोडं, आणि कंसात अर्थ द्यायचा नाही. "एमैंदि रा?" आईनं विचारलं. "काही नाही. माग बंद पडला." वाचणाऱ्याला कळलं की. सगळा संवाद तेलुगूत घातलास तर मात्र बार्शीचा वाचक अंक खाली ठेवेल.

पुण्याचं राहू दे. पाणी चार-चार दिवसांनी येतं त्या गावात काही घडत नाही म्हणणाऱ्यानं कधी घागर उचललेली नसणार.

पूर्वभाग:
त्या मित्राला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेऊन उभा करा. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. काही घडत नाही म्हणे!

विडीवाली अक्का:
खरंय, पण पहिल्याच कथेला चौघांना हात घालू नये. त्यांचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लिहिणारा भाषणावर घसरतो. त्या आठवड्यातला एखादा कापडवाला घ्यावा, ज्याला फक्त आजारी आईला गावाबाहेर काढायचंय आणि रस्त्यात पहारा आहे.

सूतगुंता:
अक्का, छापायला कुठं द्यायचं? आणि उत्साह टिकवायचा कसा? रात्री कारखान्यातून आलो की डोळे मिटतात.

विडीवाली अक्का:
दिवाळी अंकवाले साधारण जून-जुलैत साहित्य मागवतात. गणपतीत पाठवलंस तर पुढच्या वर्षावर गेलं समज. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन आधी जुने अंक चाळ, कोण कसल्या कथा घेतो ते बघ. युनिकोडमध्ये टाइप कर. एकच कथा एका वेळी दोघांकडे धाडू नकोस. उत्तर येत नाही तोवर दुसरी सुरू कर, संपादकाला फोन करत बसू नकोस.

थकल्यावर नवं सुचत नाही. मी बँकेतून आल्यावर फक्त कालचं मोठ्यानं वाचते. जीभ जिथं अडखळते तिथं खूण करते आणि झोपते. लिहिणं रविवारी. आणि प्रसंग संपवून उठायचं नाही, बाई मान वळवतेय तिथंच उठायचं. मग रविवारी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही.

आणि अरे, तू हिशेब बघतोस! कुणी कधी कशासाठी उचल घेतली ते सगळं तुझ्या वहीत. नावं, वय, गल्ली बदल, दोन माणसांचा एक कर. पण वही उघड.

सूतगुंता:
उघडली. एकानं मार्चमध्ये उचल घेतलीय, कारण लिहिलंय "मुलीचं बारसं". माझ्या माहितीप्रमाणे त्याचं लग्नच झालेलं नाही.

कडकभाकरी:
आयला! मग?

विडीवाली अक्का:
मग इथं काय करतोस रे? मालकाला हे ठाऊक आहे का, एवढं आधी ठरव आणि लाग कामाला.