रविवारी पाळी असेल तर शब्बाथ कसा पाळावा?

प्रश्न: पाळी फिरती आहे, महिन्यातले दोन रविवार कामावर जातात. त्या आठवड्यांत सुट्टी मंगळवारी. तो दिवस शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेल्या विसाव्याचा दिवस, धरावा का? तोही धुण्याभांड्यांत सरतो.

उत्तर 1: जरूर धरा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौल दिवसांवरून एकमेकांना दोष लावू नका असंच सांगतो. फक्त मंडळीची (चर्चची) उपासना घरी एकट्याने भरून निघत नाही. पाळीआधीची किंवा संध्याकाळची उपासना बघा, तीही नसेल तर आठवड्यातली प्रार्थनासभा सोडू नका.

उत्तर 2: बहुतेकांचं आदल्या दिवशीच चुकतं. रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट, माणशी दोन ओमर (तेव्हाचं माप), गोळा करायचा होता (बायबल, निर्गम 16). सातव्या दिवशी बाहेर पडलेल्यांना काहीच मिळालं नाही. तेव्हा धुणं, बाजार, बिलं सोमवारी संध्याकाळपर्यंत उरका. राहिलेलं बुधवारवर ढकला. विसावा सोमवारी सूर्यास्तापासून धरा, म्हणजे झोपही त्यात येते. कामाचा ग्रुप म्यूट करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता पालथा ठेवला तर हात जातोच.

उत्तर 3: बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 5:14 जरूर वाचा. दास, दासी, बैल, सगळ्यांना विसावा आहे. तुम्ही पाय पसरून बसलात आणि बायको चुलीपुढे उभीच राहिली, तर तो शब्बाथ नव्हे. स्वयंपाकही आदल्या दिवशी, दोघांनी मिळून करा.