सोळाव्या वर्षी टॅटू : पालकांच्या सहीला कायद्यात किती वजन आहे?

कोथरूडची आई

माझी मुलगी अकरावीत शिकत असून तिला नुकतेच सोळावे वर्ष पूर्ण झाले आहे. उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूला वारली शैलीतील एक लहानशी आकृती गोंदवून घ्यावी आणि त्याच खेपेस कानाच्या वरच्या कडेलाही टोचून घ्यावे, असा तिचा आग्रह दिवाळीपासून सुरू आहे. फर्ग्युसन रस्त्याजवळच्या एका स्टुडिओत चौकशी केली असता, आई किंवा वडील यांपैकी एकाने आधार कार्डाची प्रत जोडून संमतिपत्रावर सही केली की काम होईल, असे सांगण्यात आले. कॅम्पातील दुसऱ्या स्टुडिओने मात्र पालक शेजारी बसले असले तरी अठरा वर्षांखालील कोणाचेही काम करणार नाही, कारण कायद्यानेच त्याला बंदी आहे, असे उत्तर दिले. दोघांपैकी एकाची माहिती चुकीची असणार, हे उघड आहे.

मुलीने टॅटू काढावा की नाही, यावर आमच्या घरात पुरेशी चर्चा झालेली आहे आणि त्याबद्दलचा सल्ला मला नको आहे. मला कायदा समजून घ्यायचा आहे. अशी बंदी खरोखर आहे का? माझ्या यजमानांची तयारी नाही. अशा वेळी माझी एकटीची सही पुरेशी ठरते का? आणि पुढे जखम चिघळली, तर त्या संमतिपत्रावर सही केल्यामुळे आमचा तक्रारीचा हक्क संपतो का?

शिवाजीनगर वकील

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. टॅटूसाठी किमान वय ठरवून देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे कॅम्पातल्या स्टुडिओने ‘कायद्याने बंदी’ असे म्हणणे बरोबर नाही. पण पालकांची सही घेतली की अल्पवयीन मुलाचे काम करायला कायद्याची परवानगी मिळते, असे सांगणारेही कलम कुठे नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचा तो कागद स्टुडिओच्या मालकाने स्वतःच्या समाधानासाठी तयार केलेला आहे. शॉप ॲक्टची नोंदणी भिंतीवर लावलेली दिसली, तरी तिचा संबंध आस्थापना आणि तेथील कामगार यांच्याशी असतो. सुई निर्जंतुक आहे का, गिऱ्हाइकाचे वय किती, हे त्या नोंदणीच्या वेळी कोणी पाहत नाही.

आता फौजदारी बाजू, कारण खरा गुंता तिथे आहे. कातडीत सुई घालणे ही काटेकोर अर्थाने दुखापत आहे, आणि ती गुन्हा ठरत नाही ती संमतीमुळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये (जुन्या दंडसंहितेचे कलम ८७) या संमतीला संरक्षण दिलेले आहे, पण ते अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतः दिलेल्या संमतीपुरते. पालकांच्या संमतीचा उल्लेख कलम २७ मध्ये येतो. तिथे मूल बारा वर्षांखालचे असावे लागते आणि कृती सद्भावनेने, त्या मुलाच्या हितासाठी केलेली असावी लागते. मधले कलम २६ हे ज्याने संमती दिली त्याच्याच हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल आहे आणि त्यात अठराची अट नाही; परंतु शस्त्रक्रिया हे हित आहे हे जितके निर्विवाद, तितके खांद्यावरची आकृती हे हित आहे असे म्हणता येईल का, यावर दोन वकील दोन मते देतील. थोडक्यात, बारा ते अठरा या वयातील मुलाच्या अंगावर निव्वळ हौसेसाठी केलेल्या कामाला पालकांची सही नेमकी कोणत्या कलमाखाली वाचवते, याचे सरळ उत्तर संहितेत सापडत नाही. माझ्या मते कॅम्पातील स्टुडिओने चुकीचे कारण सांगून योग्य निर्णय घेतला आहे.

कानाच्या पाळीबद्दल असा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही. एक तर ती रूढी आहे, आणि कोणताही समंजस माणूस तक्रार करणार नाही इतकी किरकोळ इजा गुन्हा मानू नये, असे कलम ३३ सांगते. सोनाराने बाळाचे कान टोचले म्हणून कोणी पोलीस चौकीत गेलेले नाही, आणि जाऊही नये.

करारापुरते बोलायचे, तर अठरा वर्षांखालील व्यक्ती कायद्याच्या भाषेत अज्ञान असते आणि तिने केलेला करार मुळापासूनच रद्दबातल ठरतो. मोहरी बीबी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये हे स्पष्ट केले आणि आजही तेच प्रमाण मानले जाते. म्हणून मुलीच्या सहीला किंमत नाही. आपण सही केली की करार आपला आणि स्टुडिओचा होतो. यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. परंतु ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ इतकाच घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात दिला. मात्र तिथेही वडील हयात असताना आईची बारी येते ती वडील प्रत्यक्षात दूर असतील, लक्ष घालत नसतील किंवा दोघांचे एकमत असेल तेव्हा. आपल्या घरी वडील जवळ आहेत आणि त्यांचा स्पष्ट नकार आहे. त्यामुळे आपली सही स्टुडिओ आनंदाने घेईल, पण वाद झाल्यास ती टिकेलच, अशी हमी मी देणार नाही.

तक्रारीचा हक्क मात्र सहीने संपत नाही. ‘कोणत्याही परिणामास स्टुडिओ जबाबदार नाही’ असे वाक्य बहुतेक संमतिपत्रांत असते. ते लिहिलेले असले तरी निष्काळजीपणा झाला का, हे ग्राहक आयोग तपासू शकतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अज्ञान ग्राहकाच्या वतीने पालकांना तक्रार दाखल करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पावती जपून ठेवावी; रोख पैसे देऊन पावती न घेणाऱ्यांची प्रकरणे पहिल्या तारखेलाच लंगडी पडतात.

शाई आणि सुई

मी गेली बरीच वर्षे कर्वे रस्त्यावर हाच व्यवसाय करतो आणि अठरा वर्षांखालील मुलांचे टॅटू करत नाही. वकीलसाहेबांनी लिहिलेली कलमे मला आजच समजली. मी नकार देतो त्याचे कारण वेगळे आहे. एक पालक सही करून जातो आणि दोन दिवसांनी दुसरा पालक दारात उभा राहतो, हा प्रकार या धंद्यात कोणालाच नवा नाही. आपल्या घरी यजमानांची तयारी नाही, हे ऐकून मी तरी आपले काम घेतले नसते.

टोचण्याबद्दल मात्र मला एक गंमत वाटते. मुंजीत किंवा लग्नात मिरवण्यासाठी भिकबाळी हवी म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सोनाराकडे नेऊन उजव्या कानाची वरची कड टोचून घेतली जाते, तेव्हा कोणी आधार कार्ड मागत नाही, आणि नेमके त्याच जागी मुलीने स्टीलची कडी मागितली की घरात परिषद भरते. जागा तीच, कूर्चा (कानातले लवचीक मऊ हाड) तीच, जखमही तीच. कुठेही करा, पण त्या जागी पिस्तुलासारखे यंत्र वापरू देऊ नका. ते झटक्याने मारले जाते, कूर्चेला धक्का बसतो, आणि त्याचा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. पोकळ सुई, तीही आपल्या डोळ्यांसमोर पाकीट फोडून काढलेली, एवढा आग्रह धरावा.

वारजे माळवाडी

कायद्याच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. माझा मुलगा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करत असल्यामुळे ती जाहिरात मला जवळजवळ पाठ झाली आहे. कायमस्वरूपी टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे कोपराच्या आतील भागापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढ्याच ठिकाणी चालतो. शरीरावर अन्यत्र कुठेही असल्यास उमेदवार पुढील निवडप्रक्रियेतून बाद होतो. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांचा तेवढा प्रकरणानुसार विचार केला जातो. खडकवासल्याच्या या प्रबोधिनीत प्रवेशासाठी साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय लागते आणि २०२१ पासून ही परीक्षा मुलींनाही देता येते. आपल्या मुलीला आज त्यात रस नसेलही, पण खांद्याच्या मागची जागा ही नेमकी बाद करणारी जागा आहे. संमतिपत्रात हे कोणी छापत नाही.

त्वचा दवाखाना

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कायद्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण पालकांची संमती घ्यायची असेल तर ती कशाला घ्यायची, हे पालकांना ठाऊक असावे, म्हणून लिहितो.

कानाची पाळी साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या कडेला कूर्चा असते. तिला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि तिथे जंतुसंसर्ग होऊन कूर्चा विरघळली, तर कानाचा आकार कायमचा बदलतो. टॅटू आणि हे टोचणे एकाच दिवशी उरकू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. घरात कोणाला जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, उंचवट्यासारखा व्रण, म्हणजे केलॉइड, येत असेल तर दोन्ही बेत रद्द करावेत. खांदा आणि कान या केलॉइडच्या आवडत्या जागा आहेत आणि पौगंडावस्थेपासून तिशीपर्यंत हा धोका अधिक असतो.

सोळाव्या वर्षी शासकीय लसीकरणात धनुर्वात आणि घटसर्प यांचा एकत्रित डोस असतो. तो बऱ्याच मुलांचा राहून जातो, म्हणून आधी ते पाहावे. हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झाले आहेत का, तेही तपासावे. हिपॅटायटिस सीवर लस नाही, आणि अस्वच्छ सुईने तो पसरतो. लेझरने टॅटू पुसून टाकता येतो ही समजूत अर्धीच खरी आहे: अनेक बैठका लागतात, काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी आणि पिवळी फार चिवट असते.

तात्पुरता पर्याय म्हणून ‘काळी मेंदी’ सुचवली जाते, तीही टाळावी. तिच्यात केस रंगवण्याच्या कलपात असते ते पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. त्याने फोड येतात आणि एकदा वावडे जडले की पुढे आयुष्यभर कलप लावणेही अवघड होते. साध्या मेंदीला हरकत नाही.

शिवाजीनगर वकील

डॉक्टरांनी टॅटू आणि टोचणे यांत केलेला फरक अनेक देशांच्या कायद्यांतही दिसतो, म्हणून थोडी भर घालतो. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला टॅटू काढणे हा गुन्हा ठरवला असून पालकांच्या संमतीने त्यातून सुटका होत नाही. केवळ वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरने केलेले काम त्यातून वगळले आहे. वेल्समध्ये फेब्रुवारी २०१८ पासून अठराखालील मुलांच्या गुप्तांगासारख्या खासगी अवयवांना टोचण्यावरही बंदी आली. कॅलिफोर्नियात टॅटूला अठराखाली मनाई आहे, अंगावर इतरत्र टोचायचे असल्यास पालक समक्ष हजर हवेत किंवा त्यांचे नोटरी केलेले पत्र हवे, आणि कान टोचणे यातून पूर्णपणे वगळले आहे. म्हणजे जिथे कायदा केला गेला, तिथे पालकांच्या सहीची ताकद कामाच्या स्वरूपानुसार ठरवली गेली. आपल्याकडे ती ठरवलेलीच नाही, आणि तरीही एकच छापील कागद दोन्ही कामांना वापरला जातो.

कोथरूडची आई

सर्वांचे मनापासून आभार. खांद्यावरचा टॅटू अठरा पूर्ण होईपर्यंत थांबवावा, असे आम्ही दोघांनी काल ठरवले. मुलीला सर्वांत जास्त पटले ते प्रबोधिनीच्या जाहिरातीचे. कानाला यजमानांची हरकत नाही आणि ते काम परीक्षा संपल्यावर पोकळ सुईने करून घेऊ. त्या स्टुडिओचे संमतिपत्र मी घरी आणले आहे. त्यात ‘केलेल्या कामाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर वापरण्यास संमती आहे’ अशी एक ओळ आहे. ती खोडली तर चालेल का?

शिवाजीनगर वकील

जरूर खोडावी आणि खोडलेल्या जागी आपली लघुसही करावी. गंमत अशी की सुईबद्दल मौन बाळगणारा आपला कायदा छायाचित्राबद्दल मात्र बोलतो: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले असून त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद केलेली आहे. आधार कार्डाची प्रत द्यावी लागलीच, तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी आणि तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली ते तारखेसह लिहावे. जबाबदारी नाकारणारे वाक्यही खोडून पाहावे. स्टुडिओने त्याला हरकत घेतली, तर सुई लावण्यापूर्वीच पुष्कळ काही कळून येईल. टॅटूचा रकाना आडवी रेघ मारून बंद करावा, म्हणजे सही फक्त कानापुरती राहील, आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत पावतीसोबत घरी ठेवावी.