अण्णांच्या चादरी आणि आपली मशीन

ग्रुप: सोलापूरचं घर

रविवार

वहिनी: वॉशिंग मशीन परत बंद आहे. आज सहावा दिवस. यांनी ग्रुपवर सांगितलं असेल असं वाटलं होतं. सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मीच लिहिते.

ताई: अगं परत? ऑगस्टमध्येच झाली होती ना दुरुस्त?

वहिनी: तेव्हा पंप अडकला होता. अण्णांच्या सदऱ्याचं बटण निघालं त्यातून. आता ड्रमच घासतोय. पाणी पिळायला लागली की गिरणी चालू केल्यासारखा आवाज. मागच्या सोमवारी सरकत सरकत न्हाणीच्या दारापर्यंत आली. अण्णा दचकून जागे झाले.

दादा: मी बघतोय ते. माणूस येऊन गेला कंपनीचा.

छोटू: नवीन घ्या. ११ वर्षं झाली, अजून किती? पैसे मी पाठवतो.

दादा: पैशाचा प्रश्न नाही.

आत्या: शुभ सकाळ सर्वांना 🌼 सेमी-ऑटोमॅटिक घ्या. आमच्या सेमीला १८ वर्षं झाली, एकदा फक्त बेल्ट बदलला.

भाऊजी (पुणे): आवाज नेमका कशाचा आहे? बेअरिंग गेलं असेल तर गोष्ट वेगळी, स्पायडर तुटला असेल तर वेगळी. ते कळल्याशिवाय काही ठरवू नका.

छोटू: कंपनीचा माणूस काय म्हणाला?

दादा: पूर्ण टब बदलावा लागेल म्हणाला. १२,४०० रुपये, आगाऊ भरायचे. माल यायला दहा ते पंधरा दिवस. आणि हे सांगायला येण्याचे ५९० घेतले.

पिंकी: ५९० फक्त बघायचे? 😳

दादा: ५०० अधिक जीएसटी. मशीन उघडलीसुद्धा नाही. चालू करून आवाज ऐकला आणि मोबाईलवर आकडा दाखवला.

छोटू: १२,४०० म्हणजे नवीनच्या निम्मे झाले जवळपास. वस्तूचं वय दहाच्या पुढे आणि दुरुस्ती निम्म्याच्या घरात गेली की सोडून द्यायचं, साधा हिशोब आहे. शिवाय सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी झालाय, मशीन स्वस्त मिळेल.

भाऊजी (पुणे): ते एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के त्यांचा झाला. वॉशिंग मशीनला २०१८ पासूनच १८ आहे. त्या आशेवर घेऊ नका. आणि आवाज कशाचा ते अजून कोणीच सांगितलं नाही.

ताई: मोटरला दहा वर्षांची वॉरंटी होती ना? कार्ड माईच्या कपाटात आहे, हिरव्या फायलीत.

भाऊजी (पुणे): दहा संपली गेल्या वर्षी. आणि ती फक्त मोटरची असते. बेअरिंग, टब, मजुरी, येण्याचे पैसे काहीच त्यात येत नाही.

ताई: माझ्या पहिल्या बोनसची मशीन आहे ती. २०१४ च्या दिवाळीत घेतली. एकदम भंगारात काढायच्या गोष्टी नका करू. आधी दुरुस्ती होते का ते तरी बघा.

छोटू: बोनसची आहे म्हणून ड्रम फिरणार आहे का?

ताई: तू बोलूच नकोस. चार वर्षांत दोनदा आलास.

पिंकी: काका, गड्ड्याच्या जत्रेला येणार आहेस ना पण? जानेवारीत हुरडा आहे मामांच्या शेतावर.

छोटू: रजा टाकतो. शेंगाचटणी करून ठेव.

आत्या: हुरड्याला आम्हीही येणार. मागच्या वेळी कोणी कळवलंसुद्धा नाही.

दादा: आत्या, कळवलं होतं. याच ग्रुपवर.

आत्या: मी वर जाऊन बघितलं. नाही कळवलेलं.

वहिनी: हुरडा जानेवारीत आहे. आज चादरी धुवायच्या आहेत.

(दीड तास कोणाचाच मेसेज नाही.)

वहिनी: आता बोलतेच. अण्णा पाडव्यापासून अंथरुणावर आहेत. रोज दोन चादरी, कधी तीन. एक तरी सोलापुरी असते, कारण त्यांना दुसरी कुठली ऊब पुरत नाही. ओली सोलापुरी चादर एकटीने पिळून बघा कोणीतरी. पिळत नाही ती. मी ती नळावर टाकते, एक टोक खुंटीला अडकवते आणि दुसऱ्या टोकाने पीळ देते. सहा दिवस हे चाललंय. माई मदतीला येते आणि मग तिचा गुडघा धरतो. तुम्ही लिंका पाठवता, बोनस काढता, आणि घरात कपडे कोण धुतं ते एकानेही विचारलं नाही.

हा मेसेज डिलीट केला आहे.

ताई: वहिनी, चुकलं माझं.

दादा: धोब्याकडे देऊ म्हटलं होतं मी.

वहिनी: अण्णांच्या चादरी धोबी घेत नाही. विचारलंय मी. दोघांना.

छोटू: सॉरी वहिनी. मनापासून.

आत्या: म्हणूनच म्हणते सेमी घ्या. पिळून तरी निघेल.

भाऊजी (पुणे): वहिनी, आज पाच मिनिटं मिळाली तर एक करून बघाल? प्लग काढा. दादांना मागचं पत्र्याचं झाकण उघडायला सांगा, सहा-सात स्क्रू असतील. आत मोठं चाक दिसेल, बेल्टवालं. एकाने ते चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने पुढून ड्रमला हात घालून वर-खाली हलवायचं. चाकही ड्रमबरोबर डुलत असेल तर बेअरिंग. चाक जागेवर आणि ड्रम एकटाच लुळा असेल तर स्पायडर.

पिंकी: स्पायडर म्हणजे?

भाऊजी (पुणे): ड्रमच्या पाठीमागे तीन पायांचा ॲल्युमिनियमचा आधार असतो. ड्रम स्टीलचा आणि हा ॲल्युमिनियमचा, त्यात साबण आणि क्षाराचं पाणी. वर्षानुवर्षं तो आतून खाल्ला जातो. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस पाय तुटतो.

दादा: आपल्याकडे नळ चार दिवसांनी. मधले दिवस बोअरचंच पाणी. बादलीला पांढरा थर चढतो, मग ह्याला चढणारच की.

दादा: उघडलं. पिंकीने चाक धरलं, मी ड्रम हलवला. चाक हलत नाही. ड्रम तीन बोटं वर-खाली होतोय.

भाऊजी (पुणे): म्हणजे स्पायडर. कंपनीचं सोडा, बाजारातला एखादा जुना मिस्त्री बोलवा आणि टब खोलूनच बघायला सांगा. नुसतं बेअरिंग बदलून घेऊ नका, पैसे पाण्यात जातील.

सोमवार

दादा: मिस्त्री आला होता. आधी न उघडताच म्हणाला, बेअरिंग आणि सील, ३,८०० मध्ये करून देतो. भाऊजींनी सांगितलं तसं चाक धरून दाखवलं. मग गप्प बसला आणि टब बाहेर काढला.

दादा: [फोटो]

पिंकी: बाबांनी अंगठ्याने दाबलं तर खडूसारखा चुरा पडला 😟 तिन्हीपैकी एक पाय मधून तुटलाय आणि दुसऱ्याला चीर आहे. आतल्या बाजूला साबणाचा राखाडी थर, एक जुनं पाच रुपयाचं नाणं आणि माईची हरवलेली केसांची पिन.

माई: ती पिन मी कुठे कुठे शोधली.

भाऊजी (पुणे): नवा स्पायडर मिळेल का?

दादा: मिस्त्रीने तीन ठिकाणी फोन केले. हे मॉडेल बंद झालंय, सुटा मिळत नाही. वेल्डिंग करून देतो म्हणाला, पण स्वतःच म्हणाला की ॲल्युमिनियमचं वेल्डिंग या कामाला टिकत नाही, सहा महिनेसुद्धा सांगता येणार नाही. चादरी ओल्या झाल्या की किती भार येतो ते त्याने ऐकलंच.

छोटू: सुटा भाग देत नाहीत म्हणजे काय? सरकारचं राईट टू रिपेअरचं पोर्टल आहे ना २०२२ पासून. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करतो मी.

भाऊजी (पुणे): जरूर कर, ५९० घेऊन मशीन न उघडल्याचीही कर. पण त्याचा निकाल लागेपर्यंत चादरी थांबणार नाहीत.

ताई: बरं. मी मान्य करते. नवीन घ्या. निम्मे माझे.

छोटू: निम्मे माझे.

दादा: मी इथे राहतो, मशीन माझ्या घरात आहे. पैसे मी भरणार.

आत्या: सेमी घेतली तर एवढे पैसे लागणारच नाहीत कोणाला.

भाऊजी (पुणे): फ्रंट लोडमध्ये, म्हणजे आपल्या जुनीसारख्या पुढून दार असलेल्यात, ६० अंशांचा गरम वॉश मिळतो, अण्णांच्या कपड्यांना तो लागेलच. कपडे झिजतात कमी, पाणी लागतं कमी. माझं मत परत फ्रंट लोडच. लिंबूसत्व टाकून महिन्यातून एकदा रिकामी गरम चालवायची म्हणजे क्षार धरणार नाही.

ताई: हो, फ्रंट लोडच. ती चांगलीच चालली इतकी वर्षं.

वहिनी: मला एक विचारायचं आहे. मी सांगू का कुठली हवी ते?

ताई: सांग की.

वहिनी: फ्रंट लोड नको. ११ वर्षं मी त्या मशीनपुढे उकिडवी बसून कपडे काढतेय. आधी चाळिशीत होते, आता नाही जमत. कंबर धरते. ताई, तुम्ही प्रेमाने दिलीत म्हणून तेव्हा बोलले नाही. वरून टाकायची हवी. उभ्याने टाकता येईल, उभ्याने काढता येईल.

वहिनी: आणि दुसरं. नळ गेल्यावर फ्रंट लोडमध्ये पाणी सहज घालता येत नाही. टाकीतलं पाणी मंद येतं आणि मशीन अडून बसते, अर्धा वॉश तसाच. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मी बादलीने पाणी ओतू शकते. नळाचं पाणी पिंपात भरून ठेवलं तर बोअरचं वापरायचीही गरज नाही.

भाऊजी (पुणे): हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टॉप लोडमध्येही हीटरवाल्या मिळतात हल्ली. गरम वॉश त्यातही होईल.

वहिनी: मग ती. ८ किलोची. चादरींना जागा हवी.

आत्या: सेमीतही बादलीने पाणी ओततात.

वहिनी: आत्या, सेमीत ओली चादर एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकावी लागते. तेच तर नको आहे.

आत्या: हो गं. हे बरोबर आहे तुझं.

बुधवार

दादा: घेतली. हीटरवाली टॉप लोड, २५,५००. दुकानदार जुनीचे १,००० देत होता. मिस्त्रीने मोटर, पंप, दार आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड घेऊन १,८०० दिले. मोटर चांगलीच आहे म्हणाला, दुसऱ्या कोणाच्या मशीनला लागेल. पैसे तिघांत वाटायचे ठरवलंय. माईने सांगितलं म्हणून.

छोटू: पाठवले. बघ.

भाऊजी (पुणे): चारी पाय जमिनीला टेकलेत ना? खाली फरशीचा तुकडा लावलाय का मागच्यासारखा?

दादा: शहाबादी काढून टाकली. पाय फिरवून लेव्हल केली, वर पाण्याची वाटी ठेवून बघितली. हलत नाही.

वहिनी: सकाळी सहाला पहिली खेप लावली. तीन चादरी, त्यात एक सोलापुरी. पिंपातलं पाणी चार बादल्या. गरम वॉशने वास पूर्ण गेला. अण्णांनी नाकाला लावून बघितली आणि हात वर केला. आवाज इतका कमी की ते झोपलेलेच होते.

ताई: 🙏

वहिनी: ताई, तुमच्या मशीनचा ड्रम मी मिस्त्रीला दिला नाही. स्टील लखलखीत आहे अजून, भोकंभोकं असल्याने शेगडी चांगली होते म्हणतात. घासून तुळशीशेजारी ठेवलाय. हुरड्याला शेतावर घेऊन जाऊ.

ताई: ने. मी येतेय. यावेळी चार दिवस राहीन. चादरी मी धुते.