३० जणांचं पश्चिम आफ्रिकी जेवण, भाजी अलॉटमेंटवरची: जोलोफ कसा जमवावा?

लेस्टरकर: सप्टेंबरअखेर हॉलमध्ये नायजेरियन आणि घानाई शेजाऱ्यांसोबत ३० जणांची पंगत आहे. बेत: जोलोफ (टोमॅटोच्या वाटणात शिजवलेला भात), एफो रिरो (पालेभाजी), शेंगदाण्याचा रस्सा. टोमॅटो, चार्ड (पालकासारखी पालेभाजी) आणि लाल भोपळा आमच्या अलॉटमेंटवरचाच (भाजीसाठी भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा). मोठ्या पातेल्यात जोलोफ खाली लागतो नि वर कच्चा राहतो, तो का? आणि चार्डला पाणी सुटतं, त्याचं काय करायचं?

वाफारा: ३ किलो तांदूळ घ्या, पण दोन रुंद पातेल्यांत. थर जाड झाला की वाफ वर पोचत नाही, म्हणून खाली करपतो आणि वर कणी राहते. तांदूळ लांब दाण्याचा, उकडाच हवा. बासमती घेतलात तर पाणी बरंच कमी करा.

खरी मेहनत वाटणाची. २.५ किलो टोमॅटो, २ किलो लाल ढबू मिरची, १ किलो कांदा, ५-६ स्कॉच बॉनेट (जहाल मिरच्या) वाटून आटवून निम्मं करा. इंग्लंडचा टोमॅटो पाणचट. न आटवता घातलात तर भात आंबट नि गिचका होतो. अर्धा लिटर तेलात अर्धा किलो कांदा परता, ४०० ग्रॅम टोमॅटो पेस्ट घालून १० मिनिटं भाजा. पेस्ट गडद होऊन तेल सुटलं की वाटण, करी पावडर, थाइम, तमालपत्र. मग धुतलेला तांदूळ, आणि तो जेमतेम बुडेल एवढाच गरम स्टॉक. पातेल्यावर फॉइल, वर घट्ट झाकण, मंद आच, ३०-३५ मिनिटं. मध्ये एकदाच तळापासून हलवा. सारखं ढवळलंत की दाणा मोडतो.

हिरवा_माठ: योरुबांचा (नायजेरियातला एक समाज) एफो शोको म्हणजे आपला कुर्डू आणि एफो तेते म्हणजे माठ, त्यामुळे ही भाजी आपल्याला परकी नाही. चार्ड ५ किलो लागेल, शिजल्यावर मूठभर उरतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, गार पाण्यात काढा, दोन्ही हातांनी घट्ट पिळा. लाल पाम तेलात कांदा-मिरचीचं वाटण कोरडं होईपर्यंत परतून झालं की भाजी अगदी शेवटी घाला, ५ मिनिटं पुरे. शाकाहाऱ्यांच्या वाट्यात सुकी मासळी घालू नका, पण इरू (आंबवलेल्या बिया) ठेवा, खरी चव तिचीच.

वाफारा: रस्सा राहिला. १.२ किलो बिनसाखरेचं पीनट बटर आधी गरम स्टॉकमध्ये फेटून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. तळ सारखा खरवडत राहा. वर तेलाचा तवंग आला की झालं. भोपळा शेवटच्या २० मिनिटांत, आधी घातलात तर विरघळेल. शेंगदाण्याची अॅलर्जी कुणाला आहे का ते निमंत्रणातच विचारा, आणि रश्शाचा डाव दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका. वाढेपर्यंत सगळं ६३ अंशांच्या वर ठेवा.

लेस्टरकर: चार्डचे देठ टाकून द्यायचे का?

हिरवा_माठ: मुळीच नाही. बारीक चिरून वाटणाबरोबर परता, पाल्याच्या १० मिनिटं आधी.