ईस्टरच्या जेवणाला कोकरू आणि हॅम सोडून मुख्य पदार्थ काय करावा?

हातघाई:
माणसं आठ. दोघं शाकाहारी, त्यातला एक अंडंही खात नाही. ओव्हन एकच, तोही दीड तासापेक्षा जास्त अडवता येणार नाही. खर्च कोकराच्या मांडीच्या निम्म्यात बसवायचाय. चर्चहून आल्यावर तासाभरात ताटं वाढायची आहेत.

खमंग:
कोकराची मांडीच करा. अडीच किलोची, 150 अंशांवर झाकून पाच तास, तळाला दोन कप पाणी. सण वर्षातून एकदा येतो, खर्चाचं काय घेऊन बसलात!

उलथणं:
प्रश्न वाचला का, खमंग?
अख्खी कोंबडी, पण सपाट करून. पाठीचा कणा कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढा, कोंबडी उलटवा आणि छातीच्या हाडावर तळहाताने कट्ट आवाज येईपर्यंत दाबा. दीड किलोची कोंबडी 220 अंशांवर 45-50 मिनिटांत होते. आदल्या रात्री किलोला 12 ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडीच ठेवा. कातडी सुकते, म्हणूनच कुरकुरीत होते. सहा जणांना दोन लागतील. दोन्ही एका ट्रेमध्ये कोंबल्या तर वाफ कोंडून कातडी रबरासारखी होते.

चिमूटभर:
मिनिटांवर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, किमान 74 अंश. बाकी सगळे अंदाज.

ताजा_मासा:
कोंबडी तर एरवीही होतेच. स्वीडनमध्ये ईस्टरला हेरिंग आणि सॅमन हे मासे असतात. सॅमनचा किलोभराचा सलग तुकडा 120 अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. वर पांढरा फेसाळ थर आला की समजा आच जास्त झाली. शिजवण्याआधी 10 मिनिटं मिठाच्या पाण्यात (लिटरला 50 ग्रॅम) बुडवला तर तो थर कमी येतो.

खमंग:
सॅमन काय निम्म्या खर्चात बसतो? मग माझ्या मांडीने काय घोडं मारलंय?

पालकपुरती:
शाकाहाऱ्यांचं कोणीच बोलत नाहीये. इटलीत लिगुरियाला ईस्टरला 'तोर्ता पास्क्वालिना' करतात. पालक आणि रिकोटा (मऊ ताजं चीज) भरून, खाली-वर पिठाच्या पोळ्या लावून भाजलेला पदार्थ, आत अख्खी अंडी फोडलेली. किलोभर पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळला की जेमतेम पाव किलोच उरतो. तो फडक्यात घालून हाताला पाणी लागेनासं होईपर्यंत पिळा, नाहीतर तळ लगदा होतो. सारणात चमच्याने सहा खळगे करून प्रत्येकात एक अंडं फोडा, वरून पोळी घाला. 180 अंशांवर 50 मिनिटं, सगळ्यात खालच्या कप्प्यात. परंपरेने पोळीचे 33 पदर असतात, ख्रिस्ताच्या वयाइतके. घरी चार पुरेत.

उलथणं:
एक जण अंडं खात नाही म्हटलंय.

पालकपुरती:
त्याच्या तुकड्यात अंडं घालू नका, झालं.

चिमूटभर:
झालं कसं? सारण बांधायलाही अंडंच असतं ना. शिवाय उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य होती, म्हणून ईस्टरला अंड्यांचं एवढं कौतुक. कोकराशी त्याचा संबंध नाही.

खमंग:
कोकराचा संबंध वल्हांडणाशी, ज्यूंच्या सणाशी. आधी वाचा.

हातघाई:
ठरलं. आठही जणांना एकच लासान्या (पास्त्याच्या पट्ट्यांचे थर), पालक आणि मशरूमची. शनिवारी रात्री रचून ठेवते, रविवारी फक्त भाजायची.

ताजा_मासा:
सणाला लासान्या?

उलथणं:
करणारच असाल तर ऐका. मशरूम कढईत त्यांचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, मगच मीठ घाला. व्हाइट सॉस नेहमीपेक्षा पातळ हवा, रात्रभरात कोरड्या पट्ट्या तो पितात. पट्ट्यांचं पाकीट वाचा, बऱ्याच पट्ट्यांत अंडं असतं. परमेजानही नको, त्यात वासराचं रेनेट (पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) असतं, शाकाहाऱ्यांना चालणार नाही. फॉइल लावून 190 अंशांवर 45 मिनिटं, मग काढून 15. भाजून निघाल्यावर 15 मिनिटं सुरी लावू नका, नाहीतर थर घसरतात.

चिमूटभर:
आणि काचेची डिश फ्रिजमधून थेट गरम ओव्हनमध्ये नको, तडकते.

हातघाई:
डिश स्टीलची आहे. एवढी मोठी तीच एक आहे.